किरणोपचार : शेवटचा नव्हे, कधी कधी पहिला उपाय

डोके आणि मान या भागाचा कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तंबाखू, मिश्री, गुटखा आणि गालात बरी न होणारी जखम उभी राहते. ते बरोबरही आहे. आपल्याकडे या भागातले बहुतेक कर्करोग तोंडाचे आणि घशाचेच असतात. परंतु याच भागात काही कर्करोग असे आहेत की, ते क्वचितच आढळतात. नाकाच्या मागे घशाच्या वरच्या टोकाला होणारा, लाळग्रंथींचा, नाकाशेजारच्या हाडांतील पोकळ्यांचा आणि कवटीच्या तळाचा कर्करोग हे त्यांपैकी होत. तंबाखूला कधी हात न लावलेल्या माणसालाही यांपैकी एखादा होऊ शकतो. या दुर्मिळ कर्करोगांत किरणोपचाराचे, म्हणजे रेडिओथेरपीचे, काय काम असते ते आज पाहू.

विषय निवडण्याचे कारण सांगतो. आमच्या येडगाव-नारायणगाव परिसरात किरणोपचाराला कोणी ‘लाईट देणे’ म्हणतात, कोणी ‘शेक देणे’. मोठ्या दवाखान्यातून कागद घेऊन आलेले नातेवाईक रुग्णाला बाहेर बसवतात आणि हळूच विचारतात, “डॉक्टर, ऑपरेशन नाही म्हणाले. नुसते लाईट द्यायचे म्हणाले. म्हणजे आता काही राहिले नाही का?” ऑपरेशन म्हणजे खरा उपचार आणि लाईट म्हणजे समाधानापुरता उपाय, अशी समजूत घट्ट बसली आहे. या समजुतीपायी काही जण उपचाराला जातच नाहीत, तर काही जण अर्ध्यातून परत येतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते.

किरण म्हणजे काय?

नावात ‘रेडिओ’ आहे म्हणून काही जण मला खोडदच्या दुर्बिणीविषयी विचारतात. खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. त्यांतील एकेका लहरीची लांबी मीटरच्या हिशेबात असते आणि आपल्या शरीरातील पेशींना इजा करण्याइतकी शक्ती तिच्यात नसते. किरणोपचारात वापरतात ते क्ष-किरण अथवा गॅमा किरण. तेही त्याच कुळातले, पण त्यांची लहर अणूपेक्षाही लहान आणि शक्ती प्रचंड. असा किरण पेशीत शिरला की पेशीच्या केंद्रातील डीएनएचा धागा तोडतो. धागा तुटलेल्या पेशीला दुभंगून दोन पेशी करता येत नाहीत आणि ती मरते.

किरण निरोगी पेशींनाही लागतात. मग त्या का टिकतात? निरोगी पेशी तुटलेला धागा बऱ्याच अंशी दुरुस्त करून घेते. कर्करोगाची पेशी घाईघाईने वाढणारी असते, तिला ही दुरुस्ती तितकीशी जमत नाही. म्हणून सगळी मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी देतात. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. डोके-मानेच्या कर्करोगात साधारणपणे रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी सहा ते सात आठवडे मात्रा दिली जाते. एकूण मात्रा ६० ते ७० ग्रे होते. रोज यंत्राखाली पडून राहण्याचा वेळ मात्र काही मिनिटांचाच असतो.

‘शेक’ या शब्दाने आणखी एक गैरसमज होतो. किरण घेताना ऊब लागत नाही, चटका बसत नाही, दुखतही नाही. यंत्र बंद झाले की किरण संपले. रुग्णाच्या अंगात काही साठून राहत नाही. घरी येऊन त्याने नातवाला मांडीवर घेतले तरी काही होत नाही. त्याचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करण्याचेही कारण नाही. थायरॉईडच्या कर्करोगात किरणोत्सर्गी आयोडीन पोटात देतात, त्यावेळी काही दिवस लहान मुले आणि गरोदर बाया यांच्यापासून दूर राहावे लागते. तो उपचार वेगळा. दोन्हींची गल्लत करू नये.

रेडियमपासून प्रोटॉनपर्यंत

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला आणि रेडियमचा १८९८ साली. कर्करोगावर त्यांचा वापर लवकरच सुरू झाला. आपल्याकडे मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे कसे, असा प्रश्न पडतो. किरणांचे वैद्यकातील महत्त्व हेच त्याचे उत्तर आहे. पुढे कोबाल्ट यंत्रे आली. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ नावाचे देशी कोबाल्ट यंत्र बनवले. आता मोठ्या शहरांत लिनिअर ॲक्सिलरेटर हे विजेवर चालणारे यंत्र सर्रास वापरतात.

पूर्वीच्या पद्धतीत किरणांचा झोत चौकोनी असे आणि वाटेतल्या लाळग्रंथी, जबडा, डोळा यांनाही मोठी मात्रा मिळे. आता संगणकाच्या मदतीने झोताची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून गाठीच्या आकाराप्रमाणे मात्रा बसवता येते. या पद्धतीला आयएमआरटी म्हणतात. टाटा रुग्णालयात ६० रुग्णांवर जुनी व नवी पद्धत यांची तुलना करण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नव्या पद्धतीने तोंड कोरडे पडण्याचा त्रास स्पष्टपणे कमी झाल्याचे दिसले. ज्याला पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा तुकडा गिळता येत नाही, त्यालाच या फरकाची किंमत कळेल.

कोणत्या कर्करोगात किरणांचे काय काम?

पहिला, नाकामागच्या पोकळीचा कर्करोग. ही जागा पडजिभेच्या वर, कवटीच्या तळाला चिकटून असते. महाराष्ट्रात हा क्वचित दिसतो. नागालँडमध्ये आणि दक्षिण चीनमध्ये मात्र त्याचे प्रमाण बरेच आहे. एप्स्टाईन-बार नावाच्या विषाणूशी त्याचा संबंध आहे. मानेत वरच्या बाजूला न दुखणारी गाठ, एकाच कानाला दडे बसणे, नाकातून रक्त येणे, एकाची दोन दिसणे ही त्याची लक्षणे. शस्त्रक्रियेने ही जागा पूर्ण साफ करणे अवघड असते. पण हा कर्करोग किरणांना चांगला दाद देतो. म्हणून येथे किरणोपचार हाच पहिला आणि मुख्य उपचार असतो. आजार लवकर सापडला तर नुसत्या किरणांनीही तो पूर्ण बरा होऊ शकतो. वाढलेला असेल तर सोबत औषधे, म्हणजे केमोथेरपी, देतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात वाढलेला आजार असलेल्या रुग्णांपैकी नुसते किरण घेणारे ४७ टक्के तीन वर्षांनी हयात होते, तर किरण आणि औषधे दोन्ही घेणारे ७८ टक्के. ‘ऑपरेशन नाही म्हणाले’ याचा अर्थ येथे ‘आशा नाही’ असा नसून ‘याहून चांगला उपाय आहे’ असा आहे.

दुसरा, लाळग्रंथींचा कर्करोग. कानापुढे किंवा जबड्याखाली गाठ येते. कानापुढच्या बहुतेक गाठी साध्या असतात, घाबरून जाऊ नये. पण गाठ वाढू लागली, दुखू लागली किंवा तोंड एका बाजूला वाकडे झाले तर थांबू नये. यातला एक प्रकार, ॲडिनॉइड सिस्टिक, फार सावकाश वाढतो, पण नसांच्या कडेने सरपटत दूर जातो आणि कित्येक वर्षांनी परत डोके काढतो. येथे आधी शस्त्रक्रिया करून गाठ काढतात. नंतर नसांच्या वाटेवर उरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी अनेकदा किरण देतात. शेतातला हरळीचा गड्डा उपटला तरी मातीत मुळ्या राहतात. किरणांचे काम त्या मुळ्यांवर असते. गाठ निघाली, आता लाईट कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

तिसरा, नाक आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा कर्करोग. लाकडाची आणि चामड्याची धूळ वर्षानुवर्षे नाकात जाणाऱ्या कारागिरांत याचे प्रमाण अधिक असते. म्हणून सुतारकाम करणाऱ्यांनी रंधा, करवत चालवताना नाका-तोंडाला मास्क बांधावा. एकाच नाकपुडीचे चोंदणे, रक्तमिश्रित शेंबूड, गाल सुजणे, वरचे दात हलणे, डोळा पुढे येणे ही लक्षणे होत. सायनसचे औषध घेऊन तीन आठवड्यांत फरक पडला नाही आणि त्रास एकाच बाजूला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्यावे. येथे शक्य तेथे शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरण हा नेहमीचा क्रम आहे.

चौथा, कवटीच्या तळाचा कॉर्डोमा. हा फारच क्वचित. तो किरणांना सहजासहजी दबत नाही, त्याला मोठी मात्रा लागते. आणि शेजारी मेंदूचा देठ व डोळ्यांच्या नसा. अशा जागी प्रोटॉन किरणांचा उपयोग होतो. क्ष-किरण गाठीच्या आरपार पुढे जातात. प्रोटॉन ठरवलेल्या खोलीवर आपली बहुतेक शक्ती टाकतात आणि तेथेच थांबतात. टाटा मेमोरियल सेंटरच्या नवी मुंबईतील खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेत प्रोटॉन उपचार २०२३ साली सुरू झाले. मात्र प्रत्येक रुग्णाला प्रोटॉनची गरज नसते. नवे आणि महाग ते सर्वांना चांगले, असा हिशेब करू नये.

किरण सगळीकडेच चालतात असेही नाही. काही प्रकार त्यांना फारसे दाद देत नाहीत. काही वेळा आजार पसरलेला असतो आणि मग किरण फक्त वेदना, रक्तस्राव कमी करण्यासाठी देतात. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : हे किरण आजार बरा करण्यासाठी आहेत, परत येऊ नये म्हणून आहेत, की त्रास कमी करण्यासाठी? हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

दुर्मिळ आजार, म्हणून अधिक काळजी

आजार दुर्मिळ असला की सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखणेही कठीण होते. म्हणून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबमधून मागून घ्याव्यात व जपून ठेवाव्यात. मोठ्या केंद्रात त्या पुन्हा तपासतात आणि कधी कधी निदान बदलते. मानेतली गाठ फोडून किंवा अर्धी कापून घेऊ नये. आधी सुईने तपासणी करावी. उपचार ठरवताना शल्यचिकित्सक, किरणोपचार तज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ या तिघांनी मिळून निर्णय घेतलेला असावा. उपचार जवळ घ्यायचा असला तरी आराखड्यासाठी एकदा मोठ्या केंद्राचा सल्ला घेतलेला बरा.

खाडा पडला की काय होते?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किरणोपचार मध्येच तोडू नका.

कांदा काढणीला आला, द्राक्षाचा तोडा सुरू झाला, गावची यात्रा आली, घरात लग्न निघाले की रुग्ण म्हणतो, आठ दिवस जाऊन येतो, उरलेले लाईट नंतर घेऊ. गणित असे चालत नाही. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कर्करोगाच्या पेशी पूर्वीपेक्षा जास्त वेगाने वाढू लागतात. खाड्याच्या दिवसांत त्या मागचे नुकसान भरून काढतात. डेन्मार्कमधील एका मोठ्या अभ्यासात, जो २००३ साली प्रसिद्ध झाला, एकूण मात्रा तीच ठेवून आठवड्याला पाचऐवजी सहा वेळा किरण दिले, म्हणजे उपचार साधारण एक आठवडा आधी संपवला. एवढ्याने पाच वर्षांनंतर आजार आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण ६० वरून ७० टक्क्यांवर गेले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१० सालच्या अभ्यासातही हेच दिसले. तेथे प्रमाण ३० वरून ४२ टक्के झाले. हे अभ्यास घशाच्या व तोंडाच्या नेहमीच्या कर्करोगांवरचे आहेत. पण एक आठवडा वाचवल्याने एवढा फायदा होत असेल, तर एक आठवडा वाया घालवल्याने काय होईल ते सांगायला नको. यंत्र बिघडले, सुट्टी आली, तर चुकलेली मात्रा कशी भरून काढायची ते डॉक्टर ठरवतात. आपण होऊन खाडा करू नये. तारीख घेण्यापूर्वीच घरातल्यांनी बसून शेताची, जनावरांची, मुलांची सात आठवड्यांची व्यवस्था लावावी.

आधी, दरम्यान आणि नंतर

किरण सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याकडे जाऊन सर्व दात तपासून घ्यावेत. किडलेले, हलणारे दात आधीच काढावेत आणि जखम भरू द्यावी. किरण लागलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून येत नाही, कुजू लागते. हा धोका पुढे अनेक वर्षे राहतो. म्हणून दहा वर्षांनी दात दुखला तरी दंतवैद्याला ‘मला येथे किरण दिले होते’ हे आधी सांगावे. तंबाखू, मिश्री, बिडी, दारू त्या दिवसापासून बंद. धूम्रपान चालू ठेवल्यास किरणांचा परिणामही कमी होतो.

मग चेहऱ्याचा जाळीदार मुखवटा बनवतात. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवतात, ती थंड झाली की कडक होते. रोज डोके त्याच जागी राहावे एवढाच तिचा हेतू. सुरुवातीला गुदमरल्यासारखे वाटते, पण श्वास मोकळा घेता येतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येणे, गिळताना दुखणे, चव जाणे, लाळ घट्ट होणे, मानेची कातडी काळवंडणे असे त्रास सुरू होतात. ते शेवटच्या आठवड्यात आणि नंतरचे काही दिवस सर्वाधिक असतात, मग हळूहळू ओसरतात. ‘लाईटने पेशंट खालावला’ म्हणून बरेच जण इथेच परत फिरतात, आणि हीच वेळ टिकून राहण्याची असते. एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून सहा-सात वेळा चूळ भरावी. जेवणात ताकभात, मुगाचे वरण, नाचणीची आंबील, दूध, अंडे, मऊ खिचडी असावी. ठेचा, लोणचे, फार गरम पदार्थ टाळावेत. दर आठवड्याला वजन करावे. गिळणे बंद पडत असेल तर नाकातून पोटात नळी घालून अन्न देतात. नळी म्हणजे शेवट नव्हे. ती काही आठवड्यांची सोय आहे. मानेला तेल, हळद, बाम, पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. वस्तरा फिरवू नये. मऊ सुती कापड वापरावे. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावेत.

उपचार संपल्यावर ठरलेल्या तारखांना तपासणीला जावे. मानेला किरण दिले असतील तर थायरॉईड ग्रंथीचे काम पुढे मंदावू शकते. सहा महिने ते वर्षाने टीएसएच ही रक्ततपासणी करावी. ती तालुक्याच्या गावीही होते. उपचारानंतर काही महिन्यांनी रुग्ण सुस्त झाला, अंग जड वाटू लागले, तर आजार परत आला असे न समजता ही तपासणी आधी करावी.

खर्च आणि मुक्काम

येडगावहून पुणे असो वा माळशेज घाट उतरून मुंबई, रोज ये-जा करून सात आठवडे काढणे शक्य नाही. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे बाहेरगावच्या रुग्णांची राहण्याची सोय होते. जागा मिळेलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत किरणोपचाराचा समावेश आहे. तेथे ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. रेल्वेत आणि एसटीत कर्करोग रुग्णांना भाड्यात सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला घ्यावा. टाटा रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे. तेथे अडचण सांगायला संकोच करू नये.

आपल्या पुणे जिल्ह्यातील श्री. शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला. त्यांचा आजार दुर्मिळ प्रकारातला नव्हता, पण त्यांनी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार घेतले, त्याविषयी ते जाहीरपणे बोलले आणि पुढे दोन दशके त्यांचे दौरे आपण पाहत आलो. लाईट घेतलेला माणूस संपला, असे पारावर कोणी म्हणाले तर एवढे उदाहरण पुरे आहे.

मानेत गाठ, एका बाजूचे नाक बंद, एका कानाला दडे किंवा आवाजात बदल तीन आठवड्यांहून अधिक राहिला तर दाखवून घ्या. निदान झाले आणि किरण घ्यायला सांगितले, तर त्याचा हेतू विचारून घ्या, दात तपासा, तंबाखू सोडा. आणि पहिल्या दिवशी यंत्राखाली झोपलात की शेवटचा दिवस होईपर्यंत एकही खाडा करू नका.